हौशीराम आणि दुसऱ्या खांबाची भेग

…आणि सोल कुणी धरला होता? खुद्द साहेबांनी! काल एवढं सगळं सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. खाली वेळूओढ्याचं गढूळ पाणी, वर तीन कमानींचा जुना दगडी पूल, कठड्यावरून सोडलेला जाड दोराचा सोल आणि त्याच्या टोकाला कमरेत बांधलेला आमचा हौशीराम हातोडी घेऊन लोंबकळतोय. सोलाचं वरचं टोक हाताला दोन वेढे देऊन, इस्त्रीच्या शर्टात, डेप्युटी इंजिनियर मिरजगावकर साहेब उभे. आम्ही सहा गडी तिथं होतो. सहा जणांचे बारा हात, रोज टिकाव-फावडं चालवणारे. पण साहेब म्हणाले, "तुम्ही राहू द्या. हौशीरामला मी धरतो."

आता सांगा, मला काय वाटलं असेल?

मी चिमाजी, अवसरी बुद्रुकचा. गावच्या शाळेत सातवी फायनल पास, चांगल्या मार्कांनी. हौशीराम चौथीतून उठून कामाला लागलेला. आम्ही दोघं एकाच साली रस्त्याच्या खात्यात मैलकुली म्हणून चिकटलो. मैलकुली म्हणजे ज्याच्या नावावर रस्त्याचा एक तुकडा लिहिलेला असतो तो गडी. तिथले खड्डे त्यानं बुजवायचे, गटारं त्यानं काढायची, झाडांना चुना आणि काव त्यानं लावायची. माझं अक्षर सुरेख, म्हणून किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे रंगवणं माझ्याकडं. नारायणगाव किती, ओझर किती, जुन्नर किती, हे आमच्या भागात येणाऱ्या पावण्यांना वर्षानुवर्षं माझ्या हातानं सांगितलं. सात असा काढायचो की बघणाऱ्यानं गाडी थांबवावी. पण कुणी थांबवली नाही. एस.टी.तला माणूस सात बघतो आणि पुढं बघतो. हौशीरामची हातोडी मात्र साहेब श्वास रोखून ऐकायचे.

वर्षातून दोनदा पुलांची तपासणी व्हायची. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दसऱ्याच्या सुमाराला, पाणी उतरल्यावर. साहेबांच्या हातात छापील फॉर्म असायचा. कठडा कसा आहे, कमान कशी आहे, खांब कसे, पाण्यानं पाया उघडा पडलाय का. साहेब विचारायचे आणि हौशीराम हातोडीनं दगड ठोकत सांगायचा. चांगला दगड टण्ण वाजतो, आतून सुटलेला भद्द बोलतो. एवढं मलाही कळत होतं. पण या दोन्हींच्या मधले जे आवाज असतात, ते त्याला एकट्याला कळायचे. पोरवयात तो विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत होता. सुरुंगाचं भोक कुठं पाडायचं ते खडकाला ठोकून ठरवायचे. तिथं चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती. त्याचे कान तिथं तयार झाले.

तर चौऱ्याण्णव सालच्या त्या दिवशी तो सोलावर गरागरा फिरत दुसऱ्या खांबाशी गेला. दोनदा ठोकलं. मग हातोडी कमरेला खोचून त्यानं चक्क खांबाला कान लावला.

"काय म्हणतोय?" वरून साहेब.

"हितं पोकळ बोलतंय, साहेब. आन् भेग हाय. केसावानी, पर लांब हाय."

साहेब सोल माझ्या हातात देऊन स्वतः ओढ्यात उतरले. बूट भिजले. भेग बघून म्हणाले, "जुनी असेल तर भीती नाही. हलतीय का ते बघायला पाहिजे. काच लावू."

ही काचेची युक्ती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यात पक्की करायची. भेग जागची हलली नाही तर काच शाबूत. दोन केसांएवढी जरी सरकली तरी काच तडकते, कारण काचेला ताण सोसत नाही. नारायणगावला दलीचंद शेटच्या दुकानातून फोटोफ्रेमची काच कापून आणायला मला पाठवलं. शेट हसत सुटला. "पुलाला काच? तोंड बघायचंय का काय त्याला?"

तीन पट्ट्या लागल्या. साहेब म्हणाले, "हौशीराम, ओल्या सिमेंटवर आजची तारीख कोर."

मी काठावरून ओरडलो, "साहेब, मी उतरतो ना! तारीख मी लिवतो!"

"असू दे चिमाजी, तो आहे तिथं."

तो आहे तिथं! त्यानं खिळ्यानं तारीख कोरली. नऊचं तोंड उलटीकडं आणि चार म्हणजे नुसता पिळलेला दोर. ती तारीख खात्याच्या कागदांत फोटोसकट गेली. माझे सात रस्त्यावर ऊन खात राहिले.

त्या दिवसापासून ही भेग हौशीरामची झाली, आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. जे घडलं ते या भेगेवरून घडलं. तिच्यापायी हौशीरामची अब्रू गेली आणि माझ्या मुलीचा, शीलाचा, जीव जायची वेळ आली, आणि ते करणारा मी होतो. आता म्हातारपणी लपवून काय करू?

त्याच आठवड्यात मी एक हातोडी आणली. हौशीरामच्या हातोडीएवढीच, वजन करून. रविवारी एकटाच पुलाखाली गेलो आणि खांब ठोकले. टण्ण. दुसरीकडं टण्ण. भेगेजवळ टण्ण. सगळीकडं आपलं टण्णच. घरी येऊन भिंती ठोकल्या, उंबरा ठोकला. माझी बायको कुशाबाई चुलीपुढं होती.

"अवं, काय लावलंय ह्ये?"

"ऐकतोय. आतनं पोकळ हाय का ते."

"मग घरातली मडकी वाजवा की. कच्चं मडकं बाजारातल्या पन्नास मडक्यांत मी एका टिचकीत काडते. मला न्हाई कुनी सायेब सोल धरत!"

तिचा टोमणा हौशीरामला होता का मला, हे मी विचारलं नाही.

हौशीराम दिसायला काडी. दोन्ही गालांत खड्डे, मिशी एका बाजूला जास्त. बोलणं कमी. त्याची एक खोड सांगतो. जीपमधून जाताना पूल आला की तो खाली उतरायचा. कठड्यावरून हात फिरवत पायी पूल ओलांडायचा आणि पलीकडं परत जीपमध्ये बसायचा. पप्पू जीपवाला करवादायचा, "हौशीनाना, तुमच्यापायी माझी फेरी बुडती!" हौशीराम म्हणायचा, "तूबी उतर. हात लावून बघ." उतारू शिव्या घालायचे आणि मग हळूहळू त्यातलेच दोन-चार उतरून त्याच्याबरोबर चालायला लागायचे. का, तर हौशीनाना उतरला म्हणजे काहीतरी असेल. मी एकदा मुद्दाम उतरलो, तर पप्पू मला न घेताच निघून गेला.

एकदा दोन्ही घरं मिळून ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलो. माझी कुशाबाई आणि त्याची बायडाबाई पुढं, आम्ही मागं. मी डोळे मिटून हात जोडले, उघडून बघतो तर हा बोटाच्या पेरानं दगडी खांब वाजवतोय. एक सेवेकरी धावून आला. मला वाटलं, बरं झालं, आता खातोय बोलणी. हौशीराम त्याला म्हणाला, "काय न्हाई वो. लई पक्कं काम हाय. आमच्या खात्याला जमायचं न्हाई." सेवेकरी खूश. त्यानं त्याला दोनदा प्रसाद दिला. मला एकदा.

देवाच्या दारातसुद्धा मी प्रसाद मोजत उभा होतो.

तीन वर्षं काचा शाबूत राहिल्या. प्रत्येक तपासणीला साहेब विचारायचे आणि हौशीराम सांगायचा, "हाय तशी हाय." शहाण्णवला मिरजगावकर साहेब बदलून गेले. जाताना सगळ्यांना नमस्कार केला आणि हौशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. नवे साहेब तरुण होते. स्वभावानं वाईट नव्हते, पण कागद सोडून खाली उतरायची सवय नव्हती.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात वेळूओढ्याला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर हौशीराम खाली उतरला आणि तसाच पळत ऑफिसात गेला. तिन्ही काचा तडकल्या होत्या.

"साहेब, भेग चालाय लागली. गाड्या बंद करा."

नवे साहेब म्हणाले, "असा एकदम रस्ता बंद करता येत नाही. टोमॅटोचे दिवस आहेत, लोक ऑफिसवर येतील. पुढच्या आठवड्यात पुण्याहून मोठे साहेब दौऱ्यावर येतायत. त्यांना काचा दाखव. त्यांनी सांगितलं तर त्याच दिवशी बंद करू."

म्हणजे मोठे साहेब येणार, ओढ्यात उतरणार, सगळ्या खात्यादेखत हौशीरामला विचारणार आणि हौशीराम उलट्या नऊवर बोट ठेवून सांगणार. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. जेवताना दिसायचं. दाढी करताना आरशात मी आणि पाठीमागं ते चित्र.

दौरा आला की खात्यात एक ठरलेलं काम असतं. जिथून साहेबांची गाडी जाणार तिथलं सगळं पांढरं करायचं. दगड, झाडं, कठडे, मोऱ्या. ते काम माझं. हौशीरामची सासू वारली म्हणून तो चार दिवस शिरूरच्या बाजूला गेला होता. मी दोन गडी घेऊन वेळूओढ्याच्या पुलावर आलो. कठडे झाले. मग गड्यांना चहाला लावून दिलं आणि मी एकटा खाली उतरलो.

तडकलेल्या काचा भेगेवर लोंबत होत्या. मी मनाशी म्हणालो, पावणं येणार आणि पुलाला फुटक्या काचा, हे बरं दिसतं का? खोटं कशाला बोलू, ते मी स्वतःला ऐकवायला म्हणालो. छिन्नीनं तिन्ही पट्ट्या काढल्या. तारखेचा गोळा काढताना एक घाव जास्तच घातला. भेगेत सिमेंट कोंबलं. दगडांच्या मधल्या दरजा, म्हणजे फटी, अशा सफाईनं भरल्या की गवंड्यानं मान डोलवावी. मग खालपासून वरपर्यंत चुन्याचे दोन हात. दुसऱ्या खांबाच्या कपाळावर कावेनं पुलाचा नंबर घातला. नंबरात सात होता. तसा सात मी पुन्हा काढला नाही.

मोठे साहेब आले. नवे साहेब त्यांना खाली घेऊन गेले. हौशीराम आदल्या दिवशी परतला होता, पण पुलाकडं आलेला नव्हता. तो खाली आला आणि खांबापुढं नुसता उभा राहिला.

"काच कुठंय?" नवे साहेब.

हौशीरामनं खांबावर हात ठेवला. तळवा पांढरा झाला. तो तळव्याकडं बघत राहिला. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

"भेग आत हाय, साहेब. वरनं लिपलीय."

"मग काचा?"

"व्हत्या."

नव्या साहेबांचा चेहरा लाल झाला. मोठ्या साहेबांपुढं त्यांची फजिती झाली होती. हौशीराम म्हणाला, "वाईच फोडून दाखवतो," आणि त्यानं हातोडी उचलली. मोठे साहेब म्हणाले, "अहो, नवं काम फोडताय काय? इतकं छान झालंय. हा नंबर कुणी लिहिला?"

मी पुढं झालो.

"सुंदर अक्षर," मोठे साहेब म्हणाले.

बावन्न वर्षांचा होतो मी. शाळा सोडल्यापासून हे दोन शब्द ऐकायचे राहिले होते. परत जाताना नव्या साहेबांनी मला जीपमध्ये पुढं बसवलं आणि हौशीरामला सांगितलं, "उद्यापासून तू साइडपट्टीला. मुरूम पसर. पुलाच्या भानगडीत पडायचं नाही." त्याची हातोडी ऑफिसात जमा झाली.

माझा आनंद त्या संध्याकाळपर्यंत टिकला. माझी मुलगी शीला नारायणगावला कॉलेजला जायची, पप्पूच्या जीपनं, ह्याच पुलावरून. घरी आली ती हसत.

"आबा, पूल काय दिसतोय हो! लग्नघरासारखा! पप्पूदादा म्हणाला, आता हौशीनानाची कटकट नाही. अशी सुसाट आणली गाडी!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. कुशाबाईनं बघितलं. "काय झालं वो?"

"काय नाय. तिखट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी पुलाखाली उतरलो. माझा चुना पांढरा स्वच्छ. तिसऱ्या दिवशी उतरलो. चौथ्या दिवशी. शीलाची जीप साडेसातला यायची. मी सात वाजता खाली असायचो, खांबाला नाक लावून. पुलावरून जीप धडधडत गेली की वरून बारीक माती मानेवर पडायची, आणि ती पलीकडं पोहोचेपर्यंत मी दात आवळून उभा असायचो. तिला एकदा सांगून बघितलं, "शीले, पुलाच्या आधी उतरून चालत जा." ती म्हणाली, "आबा, आता तुम्हीपण हौशीनाना झालात का?"

माझ्या पोरीनं मला हौशीराम म्हटलं. इतकी वर्षं तेच तर व्हायचं होतं मला, आणि ते ऐकून मी उठून सायकल पुसायला लागलो.

हौशीराम पुलाच्या दोन्ही तोंडांशी मुरूम टाकत होता. ढीग असे रस्त्यात घातले होते की एका वेळी एकच गाडी जाईल, तीही हळू. टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागायची. मी गड्यांना म्हणायचो, "बघा, कामचुकार झालाय. ढीग टाकतोय, पसरत नाय." मुकादमाच्या कानावरही घातलं. इतकं होऊनसुद्धा माझ्या जिभेला हाड नव्हतं.

अठराव्या दिवशी ती दिसली. माझ्या पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ. कपाळावरच्या सातापासून निघून खाली पाण्यापर्यंत. नख घातलं तर नख आत गेलं. नव्या सिमेंटला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि ते मधोमध उभं फाटलं होतं.

आता माणसानं पळायला पाहिजे ना? मी तिथंच धोंड्यावर बसलो. मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगतो, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. पूल पडेल, हे पहिल्यांदा आलं नाही. हौशीराम खरा ठरला, हे आलं. मी जाऊन सांगितलं तर साहेब त्याला हातोडी परत देणार, खांद्यावर हात ठेवणार, आणि माझी नोकरी जाणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? चुन्याचा अजून एक हात मारला की रेघ गेली. चुन्याची बादली वर सायकलला अडकवलेलीच होती. मी बादलीकडं बघितलं. खरंच बघितलं.

मग गावाकडून जीपचा हॉर्न ऐकू आला आणि मी चढ चढून वर पळालो. माझ्या आधी हौशीराम रस्त्यात होता. फावडं आडवं धरून.

"हौशा," मी धापा टाकत म्हणालो, "फाटलं. माझं सिमेंट फाटलं. मी लिपलं व्हतं."

"मला म्हाईत हाय. किती?"

"नख जातंय."

त्यानं फावडं टाकलं. डांबराचं रिकामं पिंप लोटत आणून रस्त्याच्या मधोमध आडवं केलं. पप्पू जीपमधून ओरडला, "ओ नाना, परत सुरू झालं का तुमचं? कॉलेजची पोरं हायेत, पेपर हाय त्यांचा!"

"समद्यांनी उतरा. एकेक करून चालत जावा. कठड्याला खेटून."

"साहेबाची ऑर्डर दाखवा!"

"ऑर्डर येतीय. तवर मी हाय."

पाठीमागून टोमॅटोची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरून हौशीरामच्या अंगावर गेला. "म्हाताऱ्या, माल सडला तर तुझ्या घरी आणून टाकीन!" हौशीराम जाग्यावरून हलला नाही. मी काय केलं? मी पिंपावर जाऊन बसलो. दुसरं सुचलं नाही. ड्रायव्हर आम्हा दोघांकडं बघून म्हणाला, "एक येडा व्हता, आता दोन झाले." शीला मागच्या सीटवरून उतरली. माझ्याकडं बघत कठडा धरून चालत पलीकडं गेली. ती पलीकडच्या मुरमावर पाय ठेवेपर्यंत मी मोजत होतो. एकशे सहा पावलं.

एका गड्याला माझी सायकल देऊन ऑफिसात धाडलं होतं; नवे साहेब तासाभरानं आले. या वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरले. रेघ बघितली. हौशीरामला म्हणाले, "फोड."

माझी सुरेख दरज टिकावाच्या दोन घावांत निघाली. मागचा दगड हौशीरामनं हातानं ओढला तर तो सुटा आला. आतला चुना वर्षानुवर्षांच्या पाण्यानं धुऊन गेलेला. हौशीरामनं हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. साहेब पांढरे पडले. ओल्या पँटनंच त्यांनी वायरलेसवर मोठ्या साहेबांना गाठलं आणि पूल त्याच मिनिटाला गाड्यांना बंद झाला. नंतर उन्हाळाभर खांबाभोवती सळया बांधून काँक्रीटचा वेढा घातला, आत दाबानं सिमेंट भरलं. तो पूल अजून उभा आहे.

पण त्या दिवशी साहेब वर आले आणि सगळ्या गँगसमोर त्यांनी विचारलं, "भेग कुणी लिपली? कुणाचं काम हे?"

माझं तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. हौशीराम माझ्या आधी बोलला. "दौऱ्याची रंगरंगोटी व्हती, साहेब. समदंच पांढरं झालं त्यात." साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दौऱ्याला पांढरं करायचा हुकूम त्यांचाच होता. त्यांनी पुढं विचारलं नाही. हातोडी त्याच दिवशी हौशीरामला परत मिळाली.

तुम्हाला वाटेल, मग माझी जळजळ गेली असेल. छे! ती वाढली. आधी त्याच्याकडं कान होते, आता मनाचा मोठेपणाही त्याच्याकडंच गेला. माझ्याकडं राहिलं काय? मला त्याचा राग येऊ लागला. मला वाचवलं कशाला? वाचवायचं नव्हतं म्हणजे मी बडतर्फ तरी झालो असतो, माझी मी शिक्षा भोगली असती. सात वर्षं आम्ही एका गँगमध्ये काम केलं आणि मी तो विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही. तपासणीला तो मला बरोबर न्यायला लागला. मी फॉर्म लिहायचो, तो ठोकायचा. माझ्या अक्षरातले ते फॉर्म ऑफिसात असतील अजून.

दोन हजार चार साली तो रिटायर झाला. ऑफिसच्या व्हरांड्यात निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. भाषणात वेळूओढ्याचा पूल आलाच. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता आत तो जुना विंचू हललाच. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर चहाला गेलो. तो मांडीवर शाल आणि शालीवर नारळ ठेवून बसला होता.

मी म्हणालो, "हौशा, एक विचारू? तवा माझं नाव का नाय सांगितलंस? मी तुझा घात केला व्हता. तुझी हातोडी गेली माझ्यापायी. खरं सांग."

त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला:

"तीन वर्सं ती भेग मी एकट्यानं सांबाळली, चिमाजी. सायेब सई करून घरी जायाचा, आन् मी हातरुणात पडून वरनं जानाऱ्या गाड्या मोजायचो. बायडाबाईला सांगितलं तर ती म्हनायची, पूल काय तुमच्या बाचा हाय का? मग तू ती लिपली. मला लई राग आला व्हता, खोटं न्हाई सांगत. पर दुसऱ्या दिसापास्नं तू सक्काळी सक्काळी खाली उतरून बघाय लागला. मी मुरमाच्या ढिगाआडनं रोज बघायचो तुला. म्हनलं, चला, आता दोगं झालो. आन् त्या रातीपास्नं मला झोप लागली राव. आता तुजं नाव सांगून तुला घरी धाडला असता, तर परत एकट्यानं जागायला माज्यात दम व्हता का?"